चॉकलेट : देवांचे अन्न की पोरांचा खाऊ?



स्मरणिकेत पाककृती असतात, भरतकामाचे नमुने असतात, वर्षभराच्या कार्याचा अहवाल असतो. यंदा एका अशा पदार्थाचा इतिहास आपल्यापुढे ठेवावयाचा आहे, की जो आपल्यापैकी क्वचितच कोणी स्वयंपाकघरात केला असेल. पण ज्याचा कागद अंगणात सापडला नाही असे घर मात्र जिल्ह्यात मिळणार नाही. हा पदार्थ म्हणजे चॉकलेट.

निमित्तही तसेच घडले आहे. अलीकडे फोनवर आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून एक गोष्ट वारंवार वाचनात येते, की थोडे चॉकलेट रोज खाल्ले तर हृदयाला चांगले, रक्तदाबाला चांगले, मनाला उल्हास देणारे. वाचून सासूबाई सुनेला विचारतात, "अगं, मग पोरांना उगाच कशाला रागावतेस?" सुनेजवळ उत्तर नसते. या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात आहे तितकेच ते इतिहासातही आहे. किंबहुना इतिहास बाजूला ठेवला तर वैद्यक काय म्हणते तेच नीट कळत नाही. कारण फोनवरचा निरोप ज्या चॉकलेटविषयी बोलतो ते, आणि आपल्या वाण्याच्या बरणीत असते ते, या दोन वस्तूंचे नाव तेवढे एक आहे.

आपण सहज काय बोलतो ते पाहा. पाहुणे आले, पोराच्या हातावर पाच-दहा रुपये ठेवले, की पोर "चाकलेट आणतो" म्हणून पळते. येताना त्याच्या मुठीत कैरीची गोळी असते, संत्र्याची असते, कधी पानाच्या स्वादाची असते. शाळेत वाढदिवसाला वाटतात तेही चॉकलेटच, मग कागदाच्या आत काहीही असो. लिमलेटची गोळी, पेपरमिंट, टॉफी हे शब्द आपल्या आईच्या पिढीत वेगवेगळे होते. हळूहळू चॉकलेट या एका शब्दाने सगळ्यांना पोटात घेतले. मौज अशी की, खऱ्या चॉकलेटची चव कित्येकींना ठाऊक नव्हती तेव्हाही चॉकलेटी रंगाची साडी मात्र ठाऊक होती!

आता मूळ वस्तू कोणती ते पाहू. कोको नावाचे एक झाड आहे. मूळचे ते दक्षिण अमेरिकेचे. त्याचे फळ फांदीच्या टोकाला न लागता आपल्या फणसाप्रमाणे सरळ खोडाला आणि जाड फांद्यांना लागते. फळ फोडले की आत पांढऱ्या, आंबटगोड गरात तीस-चाळीस बिया. या बिया गरासकट पाच-सात दिवस आंबवतात, उन्हात वाळवतात, मग भाजतात, तेव्हा कोठे त्यांना आपल्या ओळखीचा वास येतो. ताजी बी तोंडात घातली तर ती कडू लागते. या बीचा जवळजवळ निम्मा भाग म्हणजे स्निग्धांश, ज्याला कोको बटर म्हणतात. उरलेल्या कडू भागात तिचे गुण असतात. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तिच्याशी काम आहे.

इक्वेडोर देशात सांता आना-ला फ्लोरिडा या ठिकाणी उत्खननात सापडलेल्या भांड्यांवर कोकोचे अंश मिळाले. ती भांडी सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीची आहेत असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. पुढे मध्य अमेरिकेतील माया लोक आणि मेक्सिकोतील आस्तेक लोक कोकोचे पेय पीत. त्यात साखर नव्हती, कारण ऊस त्या भूमीत नव्हताच. भाजलेले दाणे पाट्यावर वाटावयाचे, पाण्यात कालवावयाचे, त्यात मिरची आणि सुगंधी फुले घालावयाची आणि एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतून फेस आणावयाचा. हे पेय राजेलोकांचे, योद्ध्यांचे आणि धर्मविधींचे. लहान मुलांचा खाऊ नव्हे.

आणि कोकोचे दाणे म्हणजे तेथील सुट्टे पैसे होते. मेक्सिकोतील १५४५ सालची एक दरांची यादी उपलब्ध आहे. तीत टर्की नावाच्या मोठ्या पक्ष्याची चांगली मादी शंभर दाण्यांना आणि मोठा टोमॅटो एका दाण्याला मिळे असे नमूद आहे. नाणे म्हटले की खोटे नाणेही आलेच. टरफलात माती भरून बनावट दाणे चालविणारे महाभाग तेथेही होते. आपल्याकडे वाणी सुट्टे नाहीत म्हणून दोन गोळ्या हातावर ठेवत असे, त्याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. फरक इतकाच, की मेक्सिकोत दाणे देऊन बाजार करता येई. आपल्या वाण्याने दिलेल्या गोळ्या परत घेऊन त्याने कधी मीठ दिल्याचे ऐकिवात नाही.

सोळाव्या शतकात स्पेनच्या लोकांनी मेक्सिको जिंकला आणि हे पेय युरोपात गेले. तेथे पहिला वाद झाला तो आपल्याला अगदी घरचा वाटावा असा. चॉकलेट उष्ण की थंड? त्या काळचे युरोपीय वैद्य प्रत्येक अन्नाचे उष्ण-शीत, कोरडे-ओले असे गुण मानीत. आपली आजी पपई उष्ण, ताक थंड म्हणते, तसेच. आंतोनियो कोल्मेनेरो दे लेदेस्मा नावाच्या स्पॅनिश वैद्याने १६३१ साली चॉकलेटवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्याचा निर्णय असा, की कोको मुळात थंड व कोरडा; म्हणून त्यात उष्ण मसाले घालून तो समतोल करून घ्यावा. त्याच्या कृतीत शंभर दाण्यांना दोन लांब मिरच्या आहेत, बडीशेपेच्या जातीचा मसाला आहे, दालचिनी आहे, बदाम आहेत आणि आता साखरही आहे. चॉकलेटच्या इतिहासात साखर आली ती अशी, औषध घशाखाली उतरावे म्हणून. काढ्यात गूळ घालावा तशी.

याच काळातील एक प्रसंग महिला मंडळाच्या स्मरणिकेत न सांगून चालणार नाही. टॉमस गेज नावाचा एक इंग्रज धर्मोपदेशक मध्य अमेरिकेत राहून आला आणि १६४८ साली त्याने आपल्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात तो चियापास या गावची हकीगत सांगतो. तेथील स्पॅनिश बायका चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना दासींकडून गरम चॉकलेटचे पेले मागवून पीत. त्यांचे म्हणणे, आमची पोटे नाजूक आहेत. चॉकलेटवाचून एवढा वेळ आम्हांला बसवणार नाही. बिशपसाहेबांना हे खपले नाही. त्यांनी बहिष्काराची धमकी दिली. बायकांनी काय करावे? त्यांनी त्या चर्चमध्ये जाणेच सोडले आणि मठांतील छोट्या चर्चमध्ये त्या जाऊ लागल्या. पुढे बिशप आजारी पडून वारले, आणि कोणीतरी त्यांना चॉकलेटमधूनच विष घातले अशी गावात बोलवा उठली असे गेज लिहितो. खरेखोटे देव जाणे. पण प्रकृतीचे कारण सांगून आवडीची वस्तू खाण्याची युक्ती आजची नव्हे, हे यावरून कळते. आजच्या फोनवरच्या निरोपांचे मूळ तेथपर्यंत नेता येईल!

लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली या झाडाला शास्त्रीय नाव दिले, 'थिओब्रोमा'. अर्थ देवांचे अन्न. देवांचे ते अन्न माणसांच्या, आणि त्यातही सामान्य माणसांच्या हातात यावयास आणखी शतकभर लागले. तोपर्यंत चॉकलेट हे प्यावयाचेच होते. चावून खाण्याचे नव्हते.

ते कसे बदलले ते थोडक्यात पाहू. १८२८ साली हॉलंडमधील व्हान हाउटेन यांनी कोकोच्या लगद्यातून स्निग्धांश दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. मागे राहिलेल्या पेंडीची पूड म्हणजे आपण डब्यात आणतो ती कोको पावडर. पूड पाण्यात नीट मिसळावी आणि कडवटपणा कमी व्हावा म्हणून तिच्यावर क्षाराची प्रक्रिया करण्याची रीतही त्याच घराण्याने काढली. निघालेल्या कोको बटरचे काय करावे? १८४७ साली इंग्लंडातील ब्रिस्टल येथे फ्राय कंपनीने ते पूड आणि साखर यांत पुन्हा मिसळून खाण्याची वडी केली. आणि १८७५ साली स्वित्झर्लंडमध्ये डॅनिएल पीटर याने आटवलेल्या दुधाचा उपयोग करून दुधाचे चॉकलेट केले. आपल्या खामगावला कापसासाठी आगगाडी आली ती १८७० साली. म्हणजे ज्याला आज जग चॉकलेट म्हणते ती गोड, दुधाळ वडी खामगावच्या रुळांहूनही पाच वर्षांनी लहान आहे. हजारो वर्षे कडू असलेली वस्तू गेल्या दीडशे वर्षांतच गोड झाली.

येथे थांबून हिशेब पाहिला पाहिजे. कडवटपणा कमी करण्यासाठी क्षार घातले, त्याबरोबर कोकोतील गुणकारी द्रव्येही बरीचशी गेली. चव यावी म्हणून दूध आणि साखर घातली, त्या प्रमाणात कोको कमी झाला. दुधाच्या वडीत साखर जवळजवळ निम्मी असते. भारतातील अन्नमानकांचे २०११ चे नियम पाहिले तर दुधाच्या चॉकलेटमध्ये स्निग्धांश वगळता कोकोचा अंश शेकडा अडीच असला तरी पुरे. साध्या म्हणजे दूध न घातलेल्या चॉकलेटला तो शेकडा बारा लागतो. शेकडा अडीच! शेरभर कणकेत चिमूटभर हळद घालून त्याला हळदीची पोळी म्हणावे, तसे काहीसे हे झाले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. भारतात कोकोचे झाड ईस्ट इंडिया कंपनीने १७९८ साली तामिळ प्रदेशातील कुर्तालम येथे आणून लावले. पण व्यापारी लागवड झाली ती १९६५ नंतर, केरळात आणि मागाहून कर्नाटकात. आज आंध्र प्रदेशही त्यात पुढे आहे. महाराष्ट्राला मिळाला तो कोको नव्हे, महाराष्ट्राला मिळाली साखर. आणि त्यामुळेच आपल्याकडे चॉकलेट या शब्दाचा अर्थ बदलला, असे माझे मत आहे.

१९२९ साली मुंबईच्या विलेपार्ले येथे एक छोटा कारखाना निघाला. गावाच्या नावावरून त्याला पार्ले म्हणू लागले. पार्ले म्हटले की आपल्याला बिस्किटे आठवतात. परंतु बिस्किटे मागाहून आली, सुरुवात गोळ्यांनी झाली. पुण्यात साठे बिस्किट अँड चॉकलेट कंपनी होती, तिच्या जाहिराती जुन्या मराठी मासिकांत आढळतात. परंतु या सर्वांत आपल्या बालपणाशी जडलेले नाव म्हणजे रावळगाव.

वालचंद हिराचंद हे सोलापूरचे, जन्म १८८२ चा. जहाजे, विमाने, मोटारी अशा ज्या ज्या गोष्टी हिंदी माणसाला जमणार नाहीत असे परके राज्यकर्ते समजत, त्या त्या त्यांनी करून पाहिल्या. १९३३ साली त्यांनी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात रावळगाव येथे उसाचा मळा व साखरेचा कारखाना काढला. साखर घरची झाली. तिची गोळी करावी हे ओघानेच आले, आणि चाळिशीच्या दशकात रावळगावच्या गोळ्या बाजारात दिसू लागल्या. कारखान्याच्या नावाने नव्हे तर गावाच्या नावाने ओळखला जाणारा हा खाऊ महाराष्ट्रभर गेला. पुढे पान पसंद आणि मँगो मूड ही नावे तर मुलांच्या तोंडी बसली. वालचंद १९५३ साली निवर्तले. त्यांच्या गोळ्यांनी त्यांच्यानंतर सत्तर वर्षे तग धरला. २०२४ च्या फेब्रुवारीत हा गोळ्यांचा व्यवसाय सत्तावीस कोटी रुपयांना रिलायन्सच्या कंपनीकडे गेला. वर्तमानपत्रात ती बातमी वाचून पन्नाशीच्या पुढच्या कित्येकींना हळहळ वाटली असेल. तथापि हळहळ बाजूला ठेवून सांगावयाचे तर या गोळ्या म्हणजे उकळून घट्ट केलेली साखर आणि स्वाद. त्यांत कोकोचा गुण शोधणे व्यर्थ. कारखान्याने त्यांना चॉकलेट म्हटले नव्हते, म्हटले ते आपण.

खरे चॉकलेट आपल्याकडे आले ते कॅडबरीच्या रूपाने. बर्मिंगहॅममध्ये जॉन कॅडबरी याने १८२४ साली चहा, कॉफी आणि पिण्याच्या चॉकलेटचे दुकान काढले. हे घराणे क्वेकर पंथाचे, दारूच्या कट्टर विरोधातले; दारूऐवजी लोकांनी चॉकलेट प्यावे हा त्यामागे हेतू होता. हिंदुस्थानात ही कंपनी १९४८ साली आली. प्रारंभी माल परदेशातून येई, मग ठाण्याला कारखाना झाला. ठाण्यातील त्या चौकाला अजून कॅडबरी जंक्शनच म्हणतात. कंपनीचे नाव २०१४ साली बदलून मॉन्डेलीझ झाले, हे मात्र चौकाच्या गावी नाही.

मग हे चॉकलेट आपल्या जिल्ह्यात बरणीतल्या गोळीसारखे का रुजले नाही? किंमत हे एक कारण झाले. दुसरे कारण आपल्या उन्हाळ्यात आहे. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळते, म्हणजे माणसाच्या तोंडातल्या उष्णतेच्या जरासे खाली. जिभेवर चॉकलेट विरघळते याचे रहस्य तेच. बुलढाणा गाव घाटावर, उंचावर, हवा त्यातल्या त्यात थंड. पण घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, जळगाव जामोद येथला वैशाख आठवा. चाळीस अंशांच्या पुढे पारा गेल्यावर, शीतपेटी नसलेल्या दुकानात, चॉकलेटच्या वडीचे काय होत असेल ते सांगावयास नको. साखरेच्या गोळीला मात्र ऊन बाधत नाही. बरणीचे झाकण घट्ट असले म्हणजे झाले. मलकापूरच्या स्टेशनावर माल उतरून बैलगाडीने, एस.टी.ने खेडोपाडी जावयाचा, त्या प्रवासात टिकणार ती गोळी. म्हणून वस्तू मागे राहिली आणि तिचे नाव गोळीवर बसून गावोगाव गेले, असे मला वाटते. विदर्भातल्या उन्हाने भाषेत केलेला हा फेरफार आहे!

आता मूळ प्रश्न. खऱ्या, कडू, काळ्या चॉकलेटने प्रकृतीस काही लाभ होतो काय?

पनामा देशाच्या किनाऱ्याजवळ सान ब्लास नावाची बेटे आहेत. तेथे कुना जमातीचे लोक राहतात. हार्वर्डचे डॉक्टर नॉर्मन हॉलेनबर्ग यांना असे आढळले, की बेटावरच्या या लोकांत वाढत्या वयाबरोबर रक्तदाब वाढत नाही. पण तेच लोक पनामा शहरात राहावयास गेले की तो वाढू लागतो. १९९७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. बेटावरचे लोक दिवसातून अनेक पेले घरगुती कोको पीत, शहरात गेल्यावर तो सुटे. अर्थात शहरात गेल्यावर माणसाचे आणखीही पुष्कळ काही सुटते. अंगमेहनत सुटते, मासळी सुटते, झोप सुटते. म्हणून एवढ्यावरून निर्णय करता येत नाही. पण संशोधकांचे लक्ष कोकोतील फ्लॅव्हनॉल नावाच्या द्रव्यांकडे वळले ते या बेटांमुळे. या द्रव्यांमुळे रक्तवाहिन्या सैल व लवचीक राहण्यास मदत होते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ साली एवढे मान्य केले, की रोज २०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल पोटात गेल्यास रक्तवाहिन्यांची लवचीकता टिकण्यास मदत होते. ते मिळविण्यास फ्लॅव्हनॉल राखलेली अडीच ग्रॅम कोको पूड किंवा तसेच दहा ग्रॅम काळे चॉकलेट पुरते, असेही तिने म्हटले.

दहा ग्रॅम म्हणजे किती? मोठ्या वडीचे एक-दोन चौकोनी तुकडे. संपूर्ण वडी नव्हे.

यापुढची मोठी चाचणी अमेरिकेत झाली. तिचा निष्कर्ष २०२२ साली बाहेर आला. साठी-पासष्टी ओलांडलेले २१,४४२ स्त्री-पुरुष तीत होते. निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या कॅप्सूल. हृदयविकार, पक्षाघात वगैरे सर्व घटना एकत्र धरल्या तर फरक शेकडा दहाचा पडला, पण तो योगायोगानेही पडलेला असू शकेल इतका लहान होता. हृदयरोगाने येणारे मृत्यू मात्र औषधवाल्या गटात शेकडा सत्तावीस कमी दिसले. आशा धरावी इतके हे आहे, पेढे वाटावे इतके नाही. आणि मुख्य म्हणजे या लोकांना चॉकलेट दिलेच नव्हते. दिल्या त्या कॅप्सूल, ज्यांत साखर नाही, लोणी नाही. फोनवरच्या निरोपातून हेच वाक्य गळालेले असते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. शंभर ग्रॅम काळ्या चॉकलेटमध्ये सुमारे सहाशे कॅलरी असतात. त्यात लोह बरेच, सुमारे बारा मिलिग्रॅम. म्हणून रक्त कमी असलेल्या भगिनींना चॉकलेट खा असे सांगणारेही भेटतात. पण दहा ग्रॅममध्ये ते एक मिलिग्रॅमच्या घरात येते, आणि कोकोतील द्रव्ये ते लोह अंगी लागू देत नाहीत. जेवणाबरोबरचा चहा करतो तसेच. रक्त कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या नियमाने घ्याव्यात, त्यांना चॉकलेट हा पर्याय नव्हे. अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेने २०२२ साली अठ्ठावीस काळी चॉकलेटे तपासली, त्यांपैकी तेवीसांत शिसे किंवा कॅडमियम यांचे प्रमाण रोज खाण्यास चिंताजनक वाटावे इतके आढळले. त्यामुळे गर्भवती स्त्रियांनी आणि लहान मुलांनी काळे चॉकलेट नित्यनेमाने खाऊ नये हे बरे. घरात कुत्रा असल्यास त्याला तर चुकूनही देऊ नये. कोकोतील थिओब्रोमिन त्याला पचत नाही, त्याच्यासाठी ते विषच होय.

बेताने खाण्याविषयी एक गमतीची हकीगत आहे. १९३७ साली अमेरिकन सैन्याच्या कॅप्टन पॉल लोगन यांनी हर्शी कंपनीला अडचणीच्या वेळी सैनिकाने खाण्याची वडी करावयास सांगितले. अटी चार : वजन चार औंस, शक्ती भरपूर, उन्हात वितळू नये, आणि चव उकडलेल्या बटाट्याहून जराशीच बरी असावी! चव फार चांगली झाली तर शिपाई ती वेळेआधीच फस्त करील, ही भीती. कंपनीने तशी वडी केलीही, आणि शिपायांनी तिला मनसोक्त शिव्या घातल्या. माणसाच्या जिभेवर विश्वास ठेवण्याऐवजी पदार्थच बेचव करावा, हा लष्करी शहाणपणा घरात चालावयाचा नाही. परंतु कडू चॉकलेटचा तुकडा गोड चॉकलेटइतका भराभर खाल्ला जात नाही, हा अनुभव कोणीही घेऊन पाहावा.

बाजारातून आणताना वेष्टन उलटून वाचावे. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा आपल्याकडे नियम आहे. पहिला शब्द साखर असेल तर आपण साखर विकत घेत आहोत. 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट' असे असेल तर कोको बटरच्या जागी वनस्पती तूप आले, त्याला बाजारात कंपाउंड म्हणतात. दिवाळी-राखीच्या चकचकीत पेट्यांत ते पुष्कळदा असते. कोको शेकडा सत्तर किंवा अधिक लिहिलेला असेल तर ते काळे चॉकलेट. केवळ रंग पाहून फसू नये. उन्हाळ्यात वडीवर पांढुरकी पूड आल्यासारखी दिसते, ती बहुधा बुरशी नसून वितळून वर आलेला स्निग्धांश असतो. चव बिघडते, अपाय होत नाही. किडीचे मात्र तसे नाही. २००३ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला कॅडबरीच्या वड्यांत अळ्या आढळल्या तेव्हा राज्यभर गवगवा झाला. कंपनीने साठवणुकीकडे बोट दाखविले आणि पुढच्या वर्षी वेष्टन अधिक घट्ट केले. तेव्हा भर दुपारी उन्हात मांडलेल्या टपरीवरून चॉकलेट घेऊ नये, हे घाटाखालच्या भगिनींना विशेष करून सांगावेसे वाटते.

मुलांचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा सांगितली. मोठ्या माणसाला दिवसाला पंचवीस ग्रॅम, म्हणजे सहा लहान चमचे, याच्या आत राहिले तर उत्तम. मुलांना त्याहूनही कमी. चाळीस ग्रॅमच्या एका दुधाळ वडीतच वीस ग्रॅम साखर असते. तीत सकाळचा चहा, बिस्किटे आणि संध्याकाळचे सरबत मिळवा. गोळ्यांचे आणखी एक वाईट, की त्या चघळत ठेवल्या जातात आणि दातांना तासन्तास साखरेचा लेप बसतो. शाळेत वाढदिवसाला वाटावयास शेंगदाण्याची चिक्की किंवा राजगिऱ्याची वडी काय वाईट? गूळ हाही गोडच, त्याची साखरेहून फार थोरवी गाण्याचे कारण नाही. पण शेंगदाण्यात निदान पोटाला आधार आहे.

ज्यांना कोकोचा लाभ घ्यावासा वाटतो त्यांनी साखर न घातलेली कोको पूड आणावी. डब्यावर 'अल्कलाइज्ड' किंवा 'डच प्रोसेस्ड' असे असेल तर ती सोडून साधी घ्यावी. 'ड्रिंकिंग चॉकलेट' म्हणून मिळते ते वेगळे. त्यात साखर भरलेली असते. एक लहान चमचा पूड आधी थोड्या कोमट दुधात घोटून घ्यावी, म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग उरलेले कपभर दूध घालून एक उकळी आणावी. साखर अर्ध्या चमच्याहून अधिक नको. चिमूटभर दालचिनी घातली तर कोल्मेनेरो वैद्यांचाही मान राहील. मिरची ज्यांच्या त्यांच्या हौसेवर. रात्री झोप कमी येणाऱ्यांनी हे संध्याकाळनंतर घेऊ नये, कारण त्यात थोडे कॅफिन असते. मधुमेह असलेल्या भगिनींनी साखर मुळीच घालू नये, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी कोको प्यावयास लागलो म्हणून त्या बंद करू नयेत.